पाटाच्या शेवटचं घर

पाणी आलं, पण होशिमजोनच्या भिंतीपर्यंतच. तिथून पुढे ओल आली. ओलीच्या पुढे नुसता मातीचा वास.

मुकर्रम ओपा खोरं टेकून उभी होती. शुक्रवारची पहाट उजाडत होती. पाटाच्या तळाशी चिखलाची एक बारीक जीभ तिच्या परड्याच्या तोंडाशी येऊन थांबली होती. खोऱ्याच्या पात्याने तिने ती जरा पुढे ओढून पाहिली. होतं तेवढं मातीने पिऊन टाकलं.

"संपलं?" मागून ओयदिनने विचारलं. ओयदिन तिची सून.

"सुरू कधी झालं होतं?"

ओयदिन वळली. तिच्या हातात खराटा होता. ती घराच्या पुढच्या बाजूला निघून गेली.

मुकर्रम परड्यात शिरली. खरबुजाचे वेल उन्हाळ्यात दुपारी मलूल पडतात आणि संध्याकाळी सावरतात. हे वेल आता पहाटेही माना टाकून पडले होते. पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या होत्या. फळं मात्र धरून होती. चांगली डोक्याएवढी, हिरवी, जाळीदार. ऊन लागू नये म्हणून तिने एकेकावर वाळलेलं गवत पांघरलं होतं. ही हिवाळी जात. सप्टेंबरच्या शेवटी ती अर्धी कच्ची असतानाच तोडायची, लव्हाळ्याच्या दोरांत गुंफायची आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत तुळईला टांगायची. तिथे टांगल्या टांगल्या ती पिकते. बाहेर बर्फ पडत असताना घरभर मधासारखा वास सुटतो.

गेल्या वर्षी तुळई रिकामी राहिली होती. यंदा ती रिकामी राहू द्यायची नव्हती. मुलगा नादिर जानेवारीत कझानहून येणार होता, चार हिवाळ्यांनंतर. फोनवर त्याने दुसरं काहीच मागितलं नव्हतं. "ओयी, खरबूज टांगशील ना? इथे मिळतं ते साबणासारखं लागतं." ती म्हणाली होती, "टांगते." तेव्हा वेलांवर फूलही आलेलं नव्हतं.

आता फक्त एक पाणी हवं होतं. एकच, नीट, बेताने दिलेलं. तेवढं मिळालं की फळ भरलं असतं, आणि मग पाणी तोडलं तरी चाललं असतं.

तोलझोर मोहल्ल्यात शेवटच्या घराचा माणूस पाटकरी होतो. का, ते कोणी सांगत बसत नाही. वरच्या घराला पाटकरी केलं तर तो आपलं परडं भिजवून झोपून जाईल. शेवटच्याला मात्र सगळ्यांच्या दारांवरून पाणी नीट आणल्याशिवाय सुटका नाही. पूर्वी हे खोरं पुरुषाच्याच हातात असे. मुकर्रमचा नवरा सोबीर मरेपर्यंत पाटकरी होता. तो गेला आणि पुरुष शोधू लागले, तर मोहल्ल्यात एकतर म्हातारे उरले होते, नाहीतर शाळेतली पोरं. बाकीचे रशियात. मग मोहल्ल्याचे प्रमुख मीरवली ओता स्वतः खोरं घेऊन तिच्या दारात आले.

"मुकर्रम, तुझं घर शेवटचं आहे."

"ते मला माहीत आहे."

"मग धर."

तिने धरलं. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तिने जन्मभर पोरांना ओळीने वाढलं होतं. कोणाला आधी, कोणाला किती, कोण शेजाऱ्याच्या ताटातलं उचलतो, हे तिला न बघता कळायचं. तिला वाटलं, पाणी वाढणं त्याहून काय वेगळं असणार.

यंदा डोंगरावर बर्फच पडलं नाही. मे महिन्यात कालव्याच्या लोकांनी सांगितलं, पाट आठवड्यातून एकदाच सुटेल, गुरुवारी संध्याकाळी, आणि शुक्रवारी सकाळी बंद होईल. जूनमध्ये त्यातलं निम्मं पाणी काढून घेतलं. जुलैत नळाच्या पाण्याने झाडं भिजवायला बंदी आली. नळखात्याचा एक माणूस सायकलवरून फिरू लागला. भिंतीवरून डोकावायचा, कुठे रबरी नळी पडलीय का बघायचा. नळी दिसली की त्या घराचा नळ तोडायचे. लोकांनी नळ्या गाद्यांखाली लपवल्या. मधल्या घरातली शाखिस्ता चहाच्या किटलीने टोमॅटोंना पाणी घालताना सापडली.

"हे काय चाललंय?" नळवाल्याने विचारलं.

"पाहुण्यांना चहा देतेय," शाखिस्ता म्हणाली.

तो हसला आणि गेला. पण किटलीने किती टोमॅटो जगणार? अर्धे गेलेच.

मुकर्रमच्या घरात भांड्यांचं पाणी रैहानच्या तुळशीसारख्या रोपांना जायचं, तांदूळ धुतलेलं मिरच्यांना, नमाजाआधीच्या वजूचं गुलाबाला. अंघोळीचं पाणी ओयदिन घमेल्यात धरायची आणि द्राक्षाच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. दिवसभर दोघी बायका घरात भांडी घेऊन अशा फिरायच्या, जसं काही छत गळतंय. पण खरबुजाचा वाफा मोठा. त्याला घमेलं पुरणार नव्हतं. त्याला पाटच हवा होता.

आणि पाट आज पुन्हा होशिमजोनच्या भिंतीशी संपला होता. सलग तिसरा शुक्रवार.

*

होशिमजोनचं घर तिच्या आधीचं, म्हणजे शेवटून दुसरं. परड्याच्या कडेने त्याने नातवांच्या घरांच्या वाशांसाठी पॉप्लर लावलेले. मागे एक हौज, त्यात मासे. बस चालवायचा, आता निवृत्त झाला होता. नानच्या दुकानाबाहेर विलोच्या सावलीत बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना हाक मारायची, एवढंच काम उरलं होतं. त्या दुपारी नमाजाहून परतलेले चारपाच जण त्याच्याबरोबर बसले होते. मुकर्रम सरळ तिथे गेली.

"होशिमजोन, मासे कसे आहेत?"

"कोणते मासे, ओपा?"

"माझ्या पाण्यात पोहतात ते."

बाकावरचे हसले. होशिमजोनचे कान लाल झाले.

"ओपा, तीस वर्षं बस चालवली. एकदा सिग्नल मोडला नाही."

"बस चालवायला पाणी लागत नव्हतं."

आता बाकावरचे मोठ्याने हसले. होशिमजोन उठला. "चला," तो म्हणाला. "सगळेच चला. तुम्हीही चला रे, दात काढताय ते."

त्याने सगळ्यांना घराच्या मागे नेलं. हौज कोरडा होता. तळाच्या मातीला हाताएवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यात टोमॅटोचे रिकामे खोके होते आणि नातीची तीनचाकी सायकल उभी होती. पॉप्लरची पानं ऑगस्टमध्येच पिवळी पडून खाली गळत होती.

"मासे जूनमध्ये तळून खाल्ले," होशिमजोन म्हणाला. "तुमच्याकडेही ताट पाठवलं होतं. खाल्लंत ना?"

खाल्लं होतं. ओयदिनने आणि तिने दोघींनी.

"काटे फार होते," मुकर्रम म्हणाली.

याहून जास्त काही तिच्या तोंडून निघालं नाही. निघायला हवं होतं हे तिला तिथेच कळलं. ती वळली. होशिमजोन तिच्या मागे दारापर्यंत आला. त्याचा राग उतरला होता. ते तिला जास्त लागलं.

"माणसांच्या मागे कशाला फिरता, ओपा? पाण्याच्या मागे फिरा ना. संध्याकाळी वरून निघतं तेव्हा घोट्याच्या वर असतं, मी बघितलंय. मग जातं कुठे?"

*

पुढच्या शुक्रवारी तिने तसंच केलं. पहिल्या अजानला ती पाटाच्या वरच्या टोकाशी होती, मीरवली ओतांच्या घरापाशी. वरच्या घरांच्या पाळ्या कधीच झाल्या होत्या. आता पाणी फक्त तिचं होतं. ते घोट्याच्या वर होतं. ती त्याच्याबरोबर खाली चालू लागली. प्रत्येक घराचं बारं, म्हणजे परड्यात पाणी घ्यायचं तोंड, तिने वाकून तपासलं. ढेकळं आणि चिंध्या घट्ट बसवलेल्या होत्या. कुठे झिरपत नव्हतं. मोहल्ला इमानदार होता.

मग एक फाटक करकरलं. पाठोपाठ दुसरं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सुना बाहेर आल्या. डोक्याला रुमाल, एका हातात खराटा, दुसऱ्यात बादली. पाटाशी वाकल्या. बादल्या भरल्या. दारापुढे ओंजळीने सडा शिंपडला, धूळ बसवली, झाडलं आणि पुन्हा वाकल्या. पुन्हा भरल्या.

पहिल्या सुनेने मुकर्रमला पाहिलं. तिने बादली खाली ठेवली, हात छातीवर ठेवून झुकली. "अस्सलाम अलैकुम, ओपा. बऱ्या आहात ना? घरची सगळी बरी आहेत ना?"

"वालेकुम अस्सलाम, पोरी. सगळी बरी."

सून पुन्हा वाकली. बादली बुडाली तेव्हा पाण्याने गटकन आवाज केला.

दुसरी झुकली. "अस्सलाम अलैकुम, ओपा. नादिरजोनचा फोन येतो ना?"

"येतो, पोरी."

तिसरी. चौथी. मुकर्रम उत्तरं देत चालली होती. एखादं फाटक पुढे गेल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. तिने पाटात बघितलं. पाणी घोट्याच्या खाली आलं होतं.

शाखिस्ताची सून रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत सडा घालत होती, कारण समोरची अर्ध्यापर्यंत घालत होती. त्यांच्या पलीकडे एकीने तर रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीचा पायाही भिजवला होता. सकाळच्या गार हवेत ओल्या धुळीचा वास उठला होता. मुकर्रमला हा वास जन्मभर आवडत आला होता. नवी सून होती तेव्हा सासू तिने घातलेल्या सड्यावर अनवाणी चालून बघायची. टाचेला धूळ लागली तर म्हणायची, "पुन्हा." मुकर्रम पुन्हा घालायची. पाण्याचा विचार कधी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. सडा म्हणजे काही पाणी वापरणं नव्हतं. सडा म्हणजे तोंड धुणं. सकाळ झाली हे सांगणं.

ती खाली पोचली तेव्हा पाटात जेमतेम तळ झाकला जात होता. तिच्या स्वतःच्या दारात ओयदिन वाकलेली होती. बादली आडवी करून उरलेलं पाणी कसंबसं भरत होती.

"ओयी, आज पाणीच नाही बघा," ओयदिन म्हणाली.

मुकर्रम दारातल्या ओल्या चौकोनाकडे बघत राहिली. चौकोन सुंदर होता. कडा सरळ, धूळ कुठे नाही. हे तिनेच शिकवलं होतं.

*

"यापुढे पाटाच्या पाण्याने सडा घालायचा नाही," चहा ओतताना ती म्हणाली.

ओयदिनचा पियाला हातात राहिला. "का?"

"माझं पाणी रस्त्यावर जातंय म्हणून. सगळ्या रस्त्याचं. तुझंही."

"मी दोनच बादल्या घेते."

"प्रत्येक जण दोनच घेतं."

"मग त्यांना सांगा."

"सांगेन. आधी घरात सांगते. निदान शुक्रवारी घालू नकोस."

"शुक्रवारीच तर लोक येतात-जातात." ओयदिनने पियाला खाली ठेवला. तिचा आवाज चढत नसे. अशा वेळी तो उलट बारीक व्हायचा. "ओयी, नवरा तिकडे आणि मी इकडे. ही उठते कधी, जाते कुठे, फोनवर कोणाशी हसते, सगळ्या बायका बघत असतात. पहाटे दार ओलं दिसलं की त्यांची तोंडं गप्प होतात. तेवढं एकच आहे माझ्याकडे. ते बंद करू नका."

"आणि नादिरला काय टांगून दाखवू? ओलं दार?"

ओयदिन उठली. भांडी गोळा केली. धुतल्याचं पाणी न सांडता रैहानला घातलं. त्या दिवसापासून ती सासूशी बोलली, पण फक्त कामापुरतं.

मुकर्रम मीरवली ओतांकडे गेली. ते गुलाबांच्या ताटव्यात वाळलेली फुलं कात्रीने कापत होते. पाटाचं तोंड त्यांच्या दारात, त्यामुळे त्यांचे गुलाब यंदाही डोक्याइतके उंच वाढले होते. तिचं ऐकून ते हसले.

"बादलीभर पाण्याला चोरी म्हणतेस?"

"बादलीभर नाही, ओता. रस्त्याभर."

"उद्या तोंड धुतलं तर तेही मोजशील."

"ते तुम्ही घरात धुता. माझ्या वाफ्यात नाही."

"धूळ उडाली तर पाहुणा काय म्हणेल?"

"पाहुण्यापुढे ठेवायचं काय, ओता? ओली धूळ?"

"आवाज, मुकर्रम." त्यांनी कात्री खिशात ठेवली. मग जरा समजुतीने म्हणाले, "हे बघ. सडा बंद करा म्हणालो तर बायका माझ्या अंगावर येतील. पहिली माझीच येईल. ज्याचं घर शेवटी त्याने थोडं सोसायचं असतं. तू पाटकरीण आहेस. पाणी कसं वाढायचं ते तू बघ."

ती परत येताना भर दुपार होती. रस्ता केव्हाच वाळून पांढरा पडला होता. पहाटेच्या सड्याची खूणही उरली नव्हती. तिला इतका राग आला की ती मध्येच थांबली आणि चपलेने धूळ उडवली. एकदा, मग पुन्हा एकदा. सावलीतलं एक कुत्रं तिच्याकडे बघत राहिलं.

पाणी कसं वाढायचं ते तू बघ.

*

गुरुवारी संध्याकाळी पाट सुटला. मुकर्रमने मीरवली ओतांच्या घरापासून एकेक बारं बंद करत खाली यायला सुरुवात केली. सगळी बंद. शेवटी आपलं उघडलं.

होशिमजोन भिंतीवरून बघत होता. "ओपा, उलटं?"

"उलटं."

"पाटकरी आधी घेणार?"

"शेवटून सुरुवात. माझ्यानंतर तू. मग तुझ्या वरचे. सगळ्यांना मिळेल, पहाटेआधी."

"लोक काय म्हणतील?"

"ते पहाटे कळेल."

त्याने मान हलवली. "मी बघितलं नाही," म्हणाला आणि भिंतीखाली गेला.

सूर्य बुडताना पाणी आलं. पूर्ण आलं, घोट्याच्या वर, कचरा आणि पॉप्लरची पानं घेऊन. ते परड्याच्या तोंडात शिरलं आणि सऱ्यांमधून धावलं. ओयदिन अबोला विसरून सरीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. माती आधी फसफसली. मग तिचा रंग बदलला. मग पाणी वर दिसू लागलं, आणि त्यात शेवटचा उजेड.

पहिली सरी अर्धी भरली की बारं बंद करायचं, हे मुकर्रमला माहीत होतं. इतक्या दिवसांच्या तहानेनंतर वेलाला एकदम द्यायचं नाही. खरबूज पिकवणाऱ्या कोणालाही ते माहीत असतं.

"ओयी, बास," ओयदिन म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, घोटघोट द्यायचं."

"थोडं आणखी."

"सऱ्या भरल्या."

"थोडं आणखी, म्हटलं ना."

तिचे पाय पाण्यात होते. खोरं हातात होतं. हात उचलायचा होता आणि तो उचलला जात नव्हता. कितीतरी शुक्रवार तिने या मातीला चिखलाची जीभ चाटताना पाहिलं होतं. वेलांची पानं अजून तशीच लोंबत होती. ती उभी होईपर्यंत, एवढंच, असं ती स्वतःला सांगत होती. पानं काही लगेच उभी राहत नाहीत.

बारं बंद झालं तेव्हा सऱ्या आणि वाफे एकच झाले होते.

त्यानंतर तिने चूक केली नाही. होशिमजोन, त्याच्या वरचे, शाखिस्ता, समोरचे. ती एकेक बारं उघडत, बंद करत खालून वर सरकली. यंदा पहिल्यांदाच प्रत्येक परड्यात पाणी कडेपर्यंत गेलं. उजाडलं तेव्हा ती पाटाच्या तोंडाशी होती आणि मीरवली ओतांचे गुलाब पाण्यात उभे होते. तिच्या मागे सबंध पाट कोरडा झाला होता.

फाटकं करकरली. सुना बाहेर आल्या. पाटाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"पाणी?" एकीने समोरच्या दारातल्या सुनेला विचारलं.

"नाही. तुझ्याकडे?"

कोणी घरात जाऊन नळाची बादली आणली. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली, तशी ती बादली परत घरात गेली. बऱ्याच जणींनी कोरडंच झाडलं. धूळ उठली, रस्त्याभर लोंबकळली, फाटकांवर बसली, न्याहारीच्या चहावर बसली. शुक्रवारी तोलझोर मोहल्ल्यातलं एकही दार ओलं नव्हतं.

*

दुपारी ते सगळे तिच्या दारात होते. पुढे मीरवली ओता, मागे बायका, कडेला बाकावरचे पुरुष. मुकर्रम चौकटीत उभी राहिली. ओयदिन तिच्या मागे.

शाखिस्ता आधी बोलली. "माझ्या लेकीकडच्या व्याह्यांनी चपला झटकल्या, मुकर्रम! माझ्या दारात! असं टक टक करून!"

"तुझ्या परड्यात पाणी आलं का?"

"आलं की. भरपूर आलं. ते जाऊ दे."

"ते कसं जाऊ दे?"

"माझी सून रडतेय तिकडे! व्याही म्हणाले, झोपाळू दिसते."

"टोमॅटो जगले का तुझे?"

"टोमॅटोचं काय घेऊन बसलीस? इज्जतीचं बोलतेय मी!"

"सगळ्यांना पाणी मिळालं," मुकर्रम म्हणाली. तिने एकेकाकडे बघितलं. "ज्याला मिळालं नाही त्याने सांगा. कोणी आहे?"

परडी भरली होती हे सगळ्यांना माहीत होतं. मागून एका म्हाताऱ्याने म्हटलं, "पाटकरी आधी पितो, असं कुठे ऐकलंय?" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. हेच कोणाला तरी सांगायचं होतं. शब्द मिळाला नव्हता इतकंच. आधी घेतलं. स्वतः आधी घेतलं. सोबीरने असं कधी केलं नसतं.

"सोबीरच्या वेळी त्याच्याच पाण्याने सडा घालणारी मीच होते," मुकर्रम म्हणाली. ते गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही.

मीरवली ओतांनी हात पुढे केला. "खोरं दे, मुकर्रम."

"तुम्हीच म्हणालात, कसं वाढायचं ते मी बघायचं."

"तू वाढलं नाहीस. तू आधी बसलीस."

तिने खोरं दिलं. दांडा हाताच्या घामाने काळा झाला होता. मीरवली ओतांनी वळून विचारलं, "शेवटून दुसरं घर कोणाचं?"

होशिमजोन आपल्या पायांकडे बघत होता.

*

शनिवारी सकाळी वेल उभे होते. पानं ताठ, हिरवी, जणू काही झालंच नाही. मुकर्रम हसली. मग तिने पहिल्या फळावरचं गवत बाजूला केलं.

फळ देठापासून खालपर्यंत उकललं होतं. आतलं पांढरं मांस दिसत होतं, आणि त्यावर मुंग्या आधीच पोचल्या होत्या.

तिने दुसरं उघडलं. मग तिसरं. ती गुडघ्यांवर बसून ओल्या मातीत पुढे सरकत गेली, गवत काढत गेली. उकललेलं. उकललेलं. एक शाबूत वाटलं म्हणून तिने हाताखाली फिरवलं, तर भेग खालच्या बाजूला होती. वाफ्याच्या टोकाशी, पाणी सगळ्यात उशिरा पोचलं होतं तिथे, दोन फळं अखंड होती. त्यांच्याही देठाशी बारीक केसासारख्या रेषा होत्या. त्या कालच्या की जुन्या, तिला सांगता आलं नाही.

ओयदिन चिखलात चपला अडकवत आली. तिने बघितलं आणि घमेलं आणलं. दोघींनी उकललेली फळं घमेल्यात भरली. घमेलं पुरलं नाही. बाकीची द्राक्षाच्या मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर ओळीने ठेवली.

तेवढ्यात होशिमजोन आला. खांद्यावर खोरं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. बैठकीवरची ओळ पाहून तो थांबला.

"ओपा," तो म्हणाला. खोरं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "मला सांगा, मी आता काय करू? वरून सोडलं तर माझ्यापर्यंत येणार नाही. खालून सोडलं तर माझंही खोरं काढतील."

"काढू देत."

"तुम्हाला सोपं आहे. तुमचं काढून झालं."

मुकर्रमला हसू आलं नाही, पण तिने त्याला बसायची खूण केली. मग म्हणाली, "होशिमजोन, त्या दिवशी बाकावर मी बोलले ते उगीच बोलले."

"हो," तो म्हणाला. "उगीचच बोललात." आणि बसला.

तिने सगळ्यात मोठं फळ पुढे ओढलं आणि सुरी घातली. सुरी कच्च्या बटाट्यात जावी तशी गेली. आत रंग नव्हता. बिया पांढऱ्या आणि मऊ होत्या, पुन्हा पेरायच्याही कामाच्या नाहीत. तिने एक फोड त्याला दिली, एक ओयदिनला, एक स्वतः घेतली.

होशिमजोनने चावली. बराच वेळ चावत राहिला. "काकडी आहे ही," तो म्हणाला.

"खा."

"खातोय ना."

ओयदिनने आपली फोड हातातच धरली होती. "ओयी, आज रात्री त्यांचा फोन येईल. विचारतील. काय सांगायचं?"

मुकर्रमने आणखी एक फोड कापली. घमेल्यात अजून ढीग होता. ऊन चढत होतं आणि दुपारपर्यंत हे सगळं आंबायला लागलं असतं.

"सांग, यंदा उन्हाळ्यातच खाल्लं," ती म्हणाली. "आणि जरा मीठ आण आतून. नुसतं जात नाही."